चार आणि पाचच्या मधला डोह

माझ्या मार्गदर्शक मॅडम पुण्याच्या. त्यांनी प्रवरेचा नकाशा टेबलावर पसरला आणि चार नंबरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून ते सरकवत पाच नंबरपर्यंत नेलं. बोटाला बराच वेळ लागला.

"पाणी घ्यायचे बाकीचे ठिपके दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवर आहेत. इथेच सात किलोमीटर कसे सुटले?"

"तिथं नदीत उतरायला वाट नाही, मॅडम," मी म्हणाले.

वाट होती. लहानपणी मी रोज त्या वाटेनं धुणं घेऊन जायची. चार आणि पाचच्या मधे आमचं गाव होतं, गावाखाली डोह होता, आणि त्या डोहात माझा भाऊ बुडाला होता. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि नकाशाची गुंडाळी केली.

मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चाळिशीच्या जवळ आल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला गोड्या पाण्यातले शिंपले. आमच्या भागातल्या माणसाला शिंपला म्हटलं की नदीकाठी पडलेली रिकामी, आतून चमकणारी टरफलं आठवतात. तान्ह्या बाळाला गुटी पाजायला घरात एखादं धुऊन ठेवलेलं असायचं. पण त्यात राहणारा जीव कुणी फारसा पाहिलेला नसतो. तो वाळूत अर्धा पुरलेला असतो, दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो, बाहेर सोडतो. नदीतली वाळू उपसली गेली तसे ते कमी झाले. किती कमी झाले, कुठं उरले, पिलं देतात की नाही, हे मला शोधायचं होतं.

शोधायची पद्धत नवी होती. समुद्रातल्या शिंपल्यांवर परदेशात असं काम करतात, ते वाचून मॅडमनी सुचवलं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काहीतरी सोडत असतो. बुळबुळीत स्राव, विष्ठा, झडलेल्या पेशी. वीण घालायच्या दिवसांत नर शिंपला तर आपलं बीज सरळ पाण्यातच सोडतो. या सगळ्यात त्या जिवाचा डीएनए असतो. म्हणून शिंपला न शोधता नुसतं पाणी आणायचं. मोठ्या सिरिंजनं एक लिटर पाणी पांढऱ्या चकतीसारख्या गाळणकागदातून दाबून काढायचं, तो कागद स्पिरिटच्या कुपीत घालायचा, कुपी बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि पुण्याला न्यायची. तिथलं यंत्र सांगतं, या पाण्यात शिंपल्याची खूण आहे की नाही, आणि असेल तर किती. वीण चालू असली की आकडा चढतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी ठिपक्या-ठिपक्यावर पाणी भरायला जायची. सोबतीला एक मामा असत. जातीनं भोई, साठी उलटलेले, उभं आयुष्य नदीत मासे धरण्यात गेलेलं. आमच्याच गावचे. नदी उतरून कुठं उभं राहायचं, कुठं पाय रुततो, हे त्यांना न बघता कळायचं. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "नुसतं पानी बघून कळतं तुला?"

"कळतं, मामा. जीव दिसला नाही तरी त्याचं पाण्यात उरतं."

त्यांनी बाटली खळखळून धुतली आणि माझ्या हातात दिली.

पहिले आठ महिने चार नंबरपर्यंत काहीच सापडलं नाही. एक, दोन, तीन, चार, सगळीकडे शून्य. तिथं आम्ही हातानंही शोधलं. मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी वाळू चाचपायचे. वाळू होतीच कुठं? उघडा खडक, खड्डे आणि चिखल. टरफलं मात्र ढिगानं मिळायची, पांढरी पडलेली, हातात घेतली की पापुद्रे सुटणारी.

पाच नंबरला मात्र खूण लागली. अगदी अंधूक. मॅडमना वाटलं, कुठंतरी भेसळ झाली असेल. आमच्याकडे त्यासाठी एक तपासणी असते. घरून शुद्ध पाण्याची बाटली न्यायची, नदीकाठी उघडायची, तेही पाणी तसंच गाळायचं. त्यात काही निघालं तर समजायचं की खूण आपल्याच हातांनी किंवा सामानातून आली. ते पाणी कोरं निघालं. पुढच्या महिन्यात पाच नंबरला पुन्हा खूण. धरणातून आवर्तन सुटून नदी वाहती झाली, तेव्हा जास्तच.

पाच नंबरला आम्ही दोन दिवस वाळू चाळली. एकही शिंपला नव्हता.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "म्हणजे ते वरून वाहत येतंय. चारला नाही, पाचला आहे. तुझे शिंपले त्या सुटलेल्या सात किलोमीटरमध्ये आहेत. वाट नसली तरी आता उतरावं लागेल."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी वर्गात मला काय शिकवायचं तेच आठवेना. मी मुलांना लवकर सोडलं.

भावाबद्दल सांगायला हवं. तो एकोणीस वर्षांचा होता, मी चौदाची. आईवडील दोघेही प्राथमिक शाळेत शिक्षक. वडील तो जायच्या दोन वर्षं आधी आजारानं वारले. आम्ही ख्रिस्ती. गावात आमची दहा-बारा घरं, एक लहानसं चर्च आणि ओढ्याच्या पलीकडे दफनभूमी. भाऊ श्रीरामपूरला कॉलेजला जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत घरी होता. सकाळी अकराच्या सुमाराला म्हणाला, "टॉवेल दे गं, नदीवर जाऊन येतो." मी दोरीवरचा टॉवेल काढून दिला. डोहाच्या वरच्या बाजूला तेव्हा वाळूसाठी नदी खोल खणलेली होती. पाणी गुडघाभर आहे असं वाटायचं आणि पुढच्या पावलाला तळ नसायचा. आदल्या रात्री आवर्तन सुटलं होतं. सोबतची दोन मुलं धावत गावात आली तेव्हा आई आंब्याच्या फोडींना मीठ लावत होती.

तीन दिवस शोधलं. भोयांनी ट्यूबवर बसून गळ टाकले, बुड्या मारल्या. सगळा गाव काठावर. आई पहिल्या दिवसापासून एकाच दगडावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी शोध थांबवला. खाली नेवाशापर्यंत निरोप गेले. तो सापडलाच नाही.

आमच्यात माणूस गेला की त्याला माती देतात. त्या मातीपाशी उभं राहून रडता येतं, दर वर्षी जाऊन फुलं ठेवता येतात. आम्हाला तेवढंही मिळालं नाही. वडिलांच्या कबरीशेजारी आईनं जागा धरून ठेवली. पाळकसाहेबांनी दोन-तीनदा सुचवलं, निदान त्याच्या नावानं उपासना घेऊ, दगड बसवू. आई म्हणायची, "कशावरून गेला? मी पाहिलाय का?" तिचं डोकं ठिकाणावर होतं. तो जिवंत आहे असं तिला वाटत नव्हतं. पण स्वतःच्या तोंडानं त्याच्या जाण्याची तारीख सांगायला ती तयार नव्हती.

त्यानंतर डोहाचं नाव वाईट झालं. पुढच्याच वर्षी वाळू भरणाऱ्या एका मजुराचा पाय तिथं ट्रॅक्टरखाली आला. मग लोक म्हणू लागले, हा डोह माणूस धरतो. वाळूवाले वर गेले, खाली गेले, पण त्या दोन-अडीचशे फुटांत कुणी खोरं घातलं नाही. बायांनी धुणं दुसऱ्या घाटावर नेलं. मीही त्यानंतर तिथं गेले नव्हते.

माझं काम काय आहे ते आईला साधारण माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी मी गावी जायची, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पडवीत पालथ्या घालायची. ती बघत असायची. मॅडमचा फोन आला त्या आठवड्यात तिनं जेवताना विचारलं.

"पाण्यात काय काय होतं ते तुझं यंत्र सांगतं ना?"

"शिंपला होता की नाही तेवढं सांगतं."

"माणसाचं सांगतं?"

मी घास खाली ठेवला. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भाकरी मोडत होती.

"आई, पाण्यात ते फार दिवस टिकत नाही. ऊन असतं, जंतू असतात. फार तर पंधरा दिवस, महिना. नंतर काही राहत नाही."

"बावीस वर्षं म्हणजे नाहीच मग."

"नाही."

"मी आपलं विचारलं," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

मी तिला खरं तेच सांगितलं होतं. तरी त्या रविवारी पाणी गाळताना माझा हात थांबायला लागला. कागदावर तपकिरी गोल डाग उमटतो. दर वेळी तो डाग म्हणजे गाळ आणि शेवाळ एवढंच मला दिसायचं. आता चिमट्यानं कागद उचलताना वाटायला लागलं की यात काय काय आहे ते मला माहीत नाही.  मी शास्त्र शिकवणारी बाई, पण कुपीचं झाकण लावताना माझ्या तोंडून प्रार्थना निघायची.

डोहावर जायचं म्हटल्यावर मामांनी पहिल्यांदाच नकार दिला.

"तिथं नको, ताई. दुसरीकडं कुटंबी चल."

"शिंपले तिथंच आहेत, मामा. यंत्रानं सांगितलंय."

"हायेत," ते म्हणाले. "मला ठावं हाय."

मी थक्क झाले. आठ महिने हा माणूस माझ्याबरोबर ओसाड खडकावर चाचपत फिरला होता.

"मग सांगितलं का नाही?"

"तूबी तर त्यो डोह वगळलाच हुता की. म्हनलं, पोरीला नको वाटत आसंल."

 शेवटी ते म्हणाले, "जाऊ. पन दिवसाढवळ्या जाऊ अन् तू काठावर ऱ्हा."

दिवाळी होऊन गेली होती. नदी संथ होती. वाट बाभळींनी झाकली होती. मामांनी कोयत्यानं फांद्या तोडत मला खाली नेलं. डोह मला आठवत होता त्यापेक्षा लहान निघाला. पलीकडे उसाचं हिरवं, अलीकडे काळा मोठा धोंडा, अर्धा पाण्यात बुडालेला. काठाला वाळू होती, खरी, दाणेदार, पाय ठेवला की कुरकुरणारी. बाकी सगळी नदी खरवडलेली आणि इथं एवढी वाळू. ती इथं का उरली हे मला त्या क्षणी कळलं आणि मी खाली बसले.

माझा भाऊ इथं मेला म्हणून ही वाळू वाचली होती. वाळू वाचली म्हणून शिंपले वाचले होते.

मामा पाण्यात उतरले. गुडघाभर, मांडीभर. पायांनी चाचपत हळूहळू सरकले. मग वाकून हात घातला आणि तळव्याएवढा शिंपला वर काढला. काळपट हिरवा, जड, घट्ट मिटलेला. तो त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला. जिवंत शिंपला मी नदीत असा प्रथमच पाहत होते. फटीतून पाण्याची बारीक धार सुटली आणि माझं मनगट भिजलं. मामांनी आणखी अकरा काढले. मी मोजमाप केलं, फोटो घेतले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. कामाची सवय असते, हात आपोआप चालतात. सगळे शिंपले परत वाळूत ठेवून झाले तेव्हा मामा बाहेर येऊन माझ्यापासून चार हातांवर बसले. अंगातून पाणी निथळत होतं. पुसायला त्यांनी पंचाही घेतला नाही.

"ताई, एक बोलायचंय."

"बोला ना."

"तुजा भाऊ मला घावला हुता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्या दिशी दुपारी," ते म्हणाले. ते धोंड्याकडे बघत होते. "त्या धोंड्याच्या बुडाला कपार हाय. तिथं मी हात घातला. चाचपताना मनगट लागलं. मानसाचं मनगट कळतं, ताई, अंधारात बी कळतं. धरून वडलं. यीना. पार आत गुतलं हुतं. पुन्यांदा वडलं. मग माजा दम सपला अन् वर आलो."

"मग?"

"वर काठावर बाई बसल्या हुत्या. तुजी आई. माज्याकडंच बघत हुत्या. मी त्वांड उगडलं अन् म्हनलो, काय न्हाई."

डोहावरून एक खंड्या उडत गेला. मी विचारलं, "का म्हणालात असं?"

"त्येच तर. आजपतुर कळलं न्हाई. भ्यालो आसंल. घरी बायकू बाळातीन, तिसरा दिस. सांगितलं आसतं तर मलाच परत खाली घातलं आसतं, अन् माजं अंग तर गार पडलं हुतं. म्हनलं, सकाळी दोर घिऊन यीन, काढीन अन् मगच सांगीन. रातीत धरनाचं पानी वाडलं. सकाळी गेलो तर कपार मोकळी." ते थांबले. "मग काय सांगायचं ऱ्हायलं?"

 मला त्यांना मारावंसं वाटलं, हे मी लिहून ठेवते. आठ महिने ज्या हातांनी मला बाटल्या धुऊन दिल्या, त्या हातांकडे मला बघवेना. मी सामान गोळा केलं आणि त्यांची वाट न बघता चढण चढून वर आले.

त्या डोहाच्या पाण्याचा आकडा आला तेव्हा मॅडम आनंदानं जवळजवळ ओरडल्याच. पाच नंबरच्या कित्येक पट. "अगं, मोठी वसाहत आहे! आणि बहुतेक वीण चालू आहे. आता दर महिन्याला तिथलं पाणी हवं." मी त्यांना शाबासकीबद्दल धन्यवाद दिले.

पुढचे दोन महिने मी मामांना बोलावलं नाही. एकटीच गेले. एकदा पाय घसरून बाटली फुटली. आईनं दोनदा विचारलं, "मामा बरे आहेत ना? येत नाहीत ते?" मी म्हणाले, त्यांना सर्दी झाली आहे. आईला सांगायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. रात्री नव्हे, दिवसाच मला ते दिसायचं. वर्गात फळ्यावर आकृती काढताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, हात धुताना. मामा पाण्याबाहेर डोकं काढतात, आई दगडावरून बघते आहे, आणि ते दोन शब्द. मला वाटायचं, आई बावीस वर्षं त्या दोन शब्दांवर जगली आहे. ते काढून घेतले तर तिच्या हातात काय राहील?

शेवटी मी सांगितलं, कारण तिनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मला खोटं बोलणं जमेना. ती अंगणात सुपात गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं, कपार, मनगट, दोर, वाढलेलं पाणी. तिची बोटं खडे वेचत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं,

"कुठला हात?"

"काय?"

"उजवा की डावा?"

"मी नाही विचारलं, आई."

"विचारायला पाहिजे होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं पातळ नेसलं आणि म्हणाली, "चल." मामांचं घर नदीच्या बाजूला, पत्र्याचं. ते बाहेर बसून जाळं सांधत होते. आईला बघून उठले आणि उभेच राहिले. जाळं पायात अडकलं होतं, तेही त्यांना सोडवता येईना. घरातून त्यांची लेक बाहेर आली. बाळंतपणाला माहेरी आली होती. तीच ती, त्या वेळी तीन दिवसांची असलेली. आईनं तिला पहिलीत अक्षरं शिकवली होती. तिनं "बाई!" म्हणून वाकून नमस्कार केला आणि खुर्ची आणली. आई बसली नाही.

"उजवा की डावा?" आईनं मामांना विचारलं.

मामांना प्रश्न लगेच कळला. "उजवा, बाई."

"नक्की?"

"आंगठा माज्या अंगाला हुता. उजवाच."

"तुम्ही ओढलंत ना?"

"दोनदा, बाई."

"दोनदा," आई म्हणाली.

मग तिनं आपला हात पुढं केला. मामांना काय करावं ते कळेना. "तुमचा कुठला हात होता?" तिनं विचारलं. मामांनी उजवा हात पुढं केला, जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेला. आईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. ती रडली नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि मामांनी माफी मागितली नाही. ती फक्त तो हात बघत होती, उलटा करून, सुलटा करून, जसा लहान मुलाचा हात मळलाय का ते बघावं तसा. मामांची लेक दारात उभी होती. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारत होती आणि मी मान खाली घातली.

पुढच्या महिन्यात आईनं स्वतः पाळकसाहेबांना बोलावलं. वडिलांच्या शेजारी दगड बसला. त्याच्यावर जन्मतारीख, आणि तिच्या खाली दुसरी तारीख. दगड घडवणाऱ्याला ती तिनं स्वतः सांगितली. उपासनेला दहा-बारा घरं आली, मामाही आले आणि सगळ्यांत मागं फाटकापाशी उभे राहिले.

मला वाटलं होतं, आता तिच्या जिवाला स्वस्थता मिळेल. तसं काही झालं नाही. मी महिन्याच्या रविवारी मामांना घ्यायला जाते तेव्हा आताशा तीही येते. अंगणातल्या खुर्चीत बसते आणि म्हणते, "सांगा." मामा पहिल्यापासून सांगतात. ट्यूबवर कोण कोण होतं, पाणी किती गढूळ होतं, कपार कशी होती, मनगट कसं लागलं. ती मधे विचारते, "गार होतं?" ते म्हणतात, "पानीच गार हुतं, बाई, कळलं न्हाई." पुढच्या महिन्यात ती तेच पुन्हा विचारते. एकदा नदीवर जाताना मी मामांना म्हणाले, "तुम्हाला त्रास होत असेल तर मी आईला समजावते." ते म्हणाले, "न्हाई, ताई. सांगितलं की दोन-चार दिस झोप लागती. मग पुन्यांदा कधी येतील, असं हुतं."

मामांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तो कुठं ठेवावा ते मला कळत नाही. नदीत उतरताना मात्र मी त्यांचाच हात धरते.

डोहाच्या कामाला आता दोन वर्षं होत आली. पाण्यातला आकडा ठरावीक महिन्यांत चढतो, मग उतरतो. वीण होते, यात शंका नाही. पण आम्ही चाळणीनं वाळू चाळली, टप्प्याटप्प्यानं सगळा काठ तपासला, आणि तळव्याएवढे जुने शिंपलेच मिळाले. नखाएवढं पिल्लू एकही नाही. शिंपल्याची पिलं आईपासून सुटली की काही आठवडे माशाच्या कल्ल्याला चिकटून राहतात, मगच वाळूत पडून वाढतात. त्यांना लागणारे जुने मासे या भागातून जवळजवळ गेले आहेत. मामांच्या जाळ्यात आता बहुतेक बाहेरून आलेली चिलापीच येते. तसं असेल तर दर वर्षी लाखो पिलं सुटतात आणि धरायला काही न मिळाल्यानं तळाला जाऊन मरतात. म्हातारे शिंपले आणखी काही वर्षं जगतील, तोवर यंत्र दर महिन्याला सांगत राहील की इथं शिंपले आहेत.

हे सगळं मी आईला सांगितलं, कारण तिनं विचारलं की आकडा चांगला आलाय तर तुझं तोंड का उतरलंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना कळत असेल का गं," ती म्हणाली, "की आपलं एकही पिल्लू उरत नाही?"

"नाही, आई. शिंपल्याला मेंदू नसतो."

"बरंय मग," ती म्हणाली. बाहेर वारा सुटला होता. ती दोरीवरचे कपडे काढायला उठली.